नाव, मुदत आणि माणूस

आपल्या नात्यागोत्यातील एखादे मूल अमेरिकेत किंवा कॅनडात वाढत असेल आणि त्याला डॉक्टर व्हायचे असेल, तर ‘एमकॅट’ हा शब्द एव्हाना आपल्या कानी पडलेला असणार. तिकडे बारावी झाल्यावर लगेच वैद्यकीय महाविद्यालयात सहसा जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी आणि तिच्या आगेमागे ही परीक्षा. ‘मेडिकल कॉलेज अ‍ॅडमिशन टेस्ट’ हे तिचे पूर्ण नाव. २३० प्रश्न, मधल्या विश्रांतीसह जवळजवळ साडेसात तासांची बैठक आणि ४७२ ते ५२८ या दरम्यान मिळणारे गुण. हे ऐकून आपल्याकडील ‘नीट’ची आणि तिच्यापायी रात्री जागवणाऱ्या घरांची आठवण व्हावी. परंतु या दोन परीक्षांत एक मोठा फरक आहे.

‘नीट’मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तीनच विषय येतात, मनाच्या आजारांवर स्वतंत्र घटक नाही. ‘एमकॅट’मध्ये मात्र २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एक चौथा विभाग आला. ५९ प्रश्न, ९५ मिनिटे. त्यातील सुमारे ६५ टक्के भाग मानसशास्त्राचा आणि त्यात मनोविकारांचे एक प्रकरण. चिंताविकार, मंत्रचळ, आघातानंतरचा ताणविकार, नैराश्य, द्विध्रुवीय विकार, स्किझोफ्रेनिया, व्यक्तिमत्त्वाचे विकार, अशी ती नामावळी आहे. म्हणजे शवविच्छेदनाचे टेबल पाहण्यापूर्वी, स्टेथोस्कोप गळ्यात पडण्यापूर्वी, वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने मनाच्या आजारांची नावे शिकावीत, अशी तेथील वैद्यकीय शिक्षणाची अपेक्षा आहे. माणसाचे शरीर ज्या मनात आणि ज्या समाजात राहते, त्याची ओळख डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला असावी, हा त्यामागचा विचार. तो मला मनापासून पटतो. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असे आणि पुढे एमबीबीएसच्या साऱ्या वर्षांत मानसोपचार विभागात आमची पाळी लागली ती दोन आठवड्यांची. परीक्षेत या विषयाची स्वतंत्र उत्तरपत्रिकाही नव्हती.

मात्र नावे शिकणे आणि आजार समजणे यांत अंतर असते. ते अंतर मुलाने एकट्याने ओलांडावे, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. तेथे घराचे काम सुरू होते.

कार्डावर काय असते?

या प्रकरणाचा अभ्यास मुले बहुधा ‘फ्लॅशकार्डां’वर करतात. कार्डाच्या एका बाजूस विकाराचे नाव, दुसऱ्या बाजूस लक्षणे आणि मुदत. पूर्वी ही कार्डे हाताने लिहीत. आता ती मोबाइलवर असतात. माझी भाची न्यू जर्सीत याच परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या आग्रहावरून गेले काही महिने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला ही कार्डे विचारतो आणि त्या निमित्ताने माझीही उजळणी होते.

आपणही त्यांतील काही कार्डे पाहा. उदास मन किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक लक्षण तरी हवेच. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता आणि मरणाचे विचार. अशा एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे असतील, तर ते नैराश्य. उदासी बहुतेक दिवस अशी दोन वर्षे रेंगाळली, तर तिचे नाव वेगळे. उन्मादाला एक आठवडा. त्याच्या सौम्य रूपाला चार दिवस. सततच्या अनाठायी काळजीला सहा महिने. भयंकर प्रसंगानंतरची मनाची अवस्था तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत टिकली, तर तीव्र ताणविकार. महिना उलटून गेला, तर आघातोत्तर ताणविकार. भास आणि भ्रम महिन्याच्या आत निवळले, तर एक नाव. एक ते सहा महिने टिकले, तर दुसरे. आणि आजाराच्या खुणा सहा महिने सलग राहिल्या, तर स्किझोफ्रेनिया.

हा काटेकोरपणा कोठून आला, हेही सांगण्यासारखे आहे. एके काळी न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्या रुग्णाला स्किझोफ्रेनिया म्हणत, त्याच प्रकारच्या रुग्णाला लंडनचे डॉक्टर नैराश्य किंवा उन्माद म्हणत. दोन्हीकडील रुग्णांची पद्धतशीर तुलना झाली, तेव्हा फरक रुग्णांत फारसा नसून डॉक्टरांच्या सवयींत आहे, असे दिसून आले. निदान डॉक्टरच्या गावावर अवलंबून राहू नये, यासाठी अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आपल्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत लक्षणांची संख्या आणि मुदत नेमून दिली. पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. ‘एमकॅट’चा विद्यार्थी शिकतो, ती नावे याच परंपरेतील.

परंतु लक्षणे आणि मुदत पाठ करण्याच्या गडबडीत दोन अटी मुलांच्या हातून निसटतात. पहिली अट अशी, की त्या लक्षणांमुळे माणसाला खराखुरा त्रास व्हायला हवा किंवा त्याचे काम, शिक्षण, नातीगोती यांत अडथळा यायला हवा. दाराची कडी दोनदा तपासणारी आजी मंत्रचळाची रुग्ण ठरत नाही. ती कडी, ते हात धुणे, ती मोजणी रोजचा तासाहून अधिक वेळ खाऊ लागली आणि थांबवू म्हटले तरी थांबेना, तर तो आजार. दुसरी अट, हाच त्रास दुसऱ्या कारणाने होत नाही ना, हे आधी पाहायचे. थायरॉइड मंदावले की माणूस सुस्त आणि उदास होतो. ते अति चालू लागले की छातीत धडधडते, हात कापतात, झोप उडते. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मला वरचेवर आढळते आणि तिच्यामुळे विसरभोळेपणा, चिडचिड, कधी भ्रमदेखील होऊ शकतात. दारू, अमली पदार्थ, स्टेरॉइडसारखी औषधे, हे सारे पाहिल्यावाचून मनोविकाराचे नाव घेता येत नाही. सामान्य डॉक्टरकडे आधी यावे, ते याचसाठी.

प्रत्येक कार्डात आपणच

हे कार्ड वाचता वाचता आपल्याला स्वतःची किंवा घरातल्या कोणाची तरी आठवण झाली असेल, तर दचकू नका. वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. त्याला गमतीने ‘मेडिकल स्टुडंट्स डिसीज’ असेच म्हणतात. हृदयरोग शिकताना छातीत दुखते, मेंदूची गाठ शिकताना डोके ठणकते. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ मधील ‘थ्री मेन इन अ बोट’ या विनोदी पुस्तकाचा नायक ग्रंथालयात वैद्यकाचे पुस्तक चाळतो आणि गुडघ्याचा एक आजार सोडून बाकी सारे रोग आपल्याला झाले आहेत, अशा निष्कर्षाला येतो.

मनाच्या आजारांत हा भास अधिक खरा वाटतो आणि त्याला कारण आहे. मूत्रपिंडातील खडा एक तर असतो किंवा नसतो. उदासी, काळजी, संशय, चंचलता या मात्र सर्वांच्याच घरच्या गोष्टी. आजारात त्यांची मात्रा, मुदत आणि पकड बदलते. शिवाय परीक्षेचा मोसमच असा, की झोप अपुरी, जेवण वेळी-अवेळी, कॉफीचा मारा आणि मनावर दडपण. अशा मुलाने ‘झोप न येणे, चित्त एकाग्र न होणे, थकवा’ हे कार्ड उलटले, तर त्याला आरसाच दिसणार. त्याला हसू नये आणि घाबरवूही नये. ‘हे किती दिवस आहे? त्यामुळे तुझे काय अडले आहे? परीक्षा झाल्यावरही राहते का?’ असे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. बहुतेक वेळा त्यांच्या उत्तरांतच त्याचा जीव भांड्यात पडतो. पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. कारण विद्यार्थ्याला खरोखरचे नैराश्यही येऊ शकते.

भाचीचा प्रश्न

एका रविवारी आमचे स्किझोफ्रेनियाचे कार्ड चालू होते. भास, भ्रम, असंबद्ध बोलणे, विचित्र वागणे. आणि जी लक्षणे ‘कमी होण्याची’ म्हणून वेगळी शिकवतात ती, म्हणजे बोलणे कमी होणे, चेहऱ्यावरील भाव मावळणे, पुढाकार न उरणे. तिने सारे बिनचूक सांगितले. मग थोडे थांबून म्हणाली,

‘‘मामा, मोठ्या मामाला हेच आहे ना?’’

तिला कोणी सांगितलेले नव्हते. माझे थोरले बंधू थोडे अबोल आहेत, त्यांना गर्दी सोसत नाही, एवढेच ती सुट्टीत येई तेव्हा तिला दिसे. योग्य वयात सांगू, असे तिच्या आईने ठरवले होते. ते वय अभ्यासक्रमाने ठरवून टाकले.

‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘त्याच आजाराचे औषध तो घेतो. तुला त्याच्याविषयी जे विचारायचे असेल, ते विचार.’’

वाचकहो, बंधूंच्या संमतीनेच हे लिहीत आहे. मी बारावीत होतो, ते बावीस वर्षांचे. रेडिओवरील निवेदक आपल्याविषयी बोलतात, असे त्यांना वाटू लागले. मग रेडिओ बंद असतानाही तो आवाज येऊ लागला. रात्र-रात्र ते जागे असत आणि घरातल्या कोणाच्या हातचे पाणीही पीत नसत. ‘बाहेरची बाधा’ म्हणून त्यांना एका दत्तस्थानी नेले. तेथे आईला आधार मिळाला. भावाचे आवाज मात्र थांबले नाहीत. काही महिन्यांनी वडिलांनी त्यांना पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. वडिलांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी ते देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहून घेतले आणि चिठ्ठी खिशात ठेवून परतले. त्या दिवसापासून आमच्या घरातले ‘त्याला काय झालंय?’ थांबले आणि ‘आज गोळी घेतली का?’ सुरू झाले. नावाने केलेला तो उपकार मी पुस्तकात शिकण्याच्या कितीतरी आधी घरात पाहिला.

भाचीला मी हे सांगितले. तिच्या कार्डावर आणखी एक ओळ होती : स्किझोफ्रेनियात डोपामिनचे कार्य वाढते, पार्किन्सनमध्ये डोपामिन घटते. ‘‘लहानपणी मला मोठ्या मामाचा हात थरथरताना आठवतो,’’ ती म्हणाली. तो आजार नव्हता, औषधाचा परिणाम होता. त्या काळच्या गोळ्या डोपामिनची वाट अडवीत. त्यामुळे आवाज मंदावत. पण मेंदूच्या ज्या भागाला हालचालींसाठी तेच रसायन लागते, तेथेही वाट अडत असे आणि म्हणून पार्किन्सनसारखा कंप येई. पुढे औषध बदलले आणि कंप गेला. कार्डावरच्या त्या ओळीचा अर्थ तिला त्या हातामुळे कळला.

परंतु तिच्या मनातला खरा प्रश्न अजून यायचा होता. ‘‘मी एकवीस वर्षांची आहे. हा आजार या वयात सुरू होतो. मलाही होईल का?’’

आनुवंशिकता हाही त्या प्रकरणाचाच भाग असल्याने उत्तर आकड्यांत देता आले. आयर्विंग गॉट्समन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जी आकडेवारी मांडली, ती आजही बऱ्याच पुस्तकांत आढळते. समाजात सर्वसाधारणपणे शंभरांत एकाला हा आजार आयुष्यात केव्हा तरी होतो. रुग्णाच्या भाचे-पुतण्यांत शंभरांत सुमारे चौघांना, सख्ख्या भावंडांत सुमारे नऊ जणांना. आणि ज्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी, अशा जुळ्यांपैकी एकाला आजार असता दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्के. नंतरच्या काही अभ्यासांत याहूनही कमी. म्हणजे सारा वारसा सारखा असूनही निम्मी जुळी भावंडे या आजारावाचून जगतात. वारसा ही तयार झालेली जमीन. बी पडते की नाही, पाऊस कसा होतो, हे त्यावरून ठरत नाही.

‘‘शंभरांत चार म्हणजे शहाण्णव जणांना होत नाही,’’ मी तिला म्हणालो. ‘‘मी तर सख्खा भाऊ. शंभरांत नऊ हा आकडा घेऊनच मी डॉक्टर झालो आणि तीस वर्षे दवाखाना चालवतो आहे. पण तुझ्या हातात असलेल्या दोन गोष्टी सांगतो. झोप मोडू नकोस आणि गांजापासून दूर राहा.’’ ही दुसरी सूचना तिच्यासाठी नुसत्या पुस्तकातली नव्हती. न्यू जर्सीत २१ वर्षांवरील प्रौढांना गांजाची विक्री २०२२ पासून कायदेशीर आहे. सातत्याने आणि जास्त प्रमाणात गांजा घेणाऱ्यांत भास-भ्रमांचे आजार अधिक आढळतात आणि घरात असा आजार असेल, तर ही जोखीम पत्करू नये, एवढे निश्चित सांगता येते.

ती रडली नाही. ‘‘आईला सांगू का, मला माहीत आहे म्हणून?’’ असे तिने विचारले. ‘‘अवश्य सांग,’’ मी म्हणालो. त्या रात्री त्या दोघी खूप वेळ बोलल्या, असे बहिणीने मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळवले.

कार्डावर न मावणारे

परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यांतील एक बरोबर असतो. दवाखान्यात येणारा माणूस असे पर्याय घेऊन येत नाही. ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणारा रुग्ण माझ्याकडे क्वचितच येतो. ‘डॉक्टर, अंग मोडून आल्यासारखं वाटतं’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘छातीत कसंतरी होतं’, ‘जेवण जात नाही, एखादं टॉनिक द्या’, असे तो म्हणतो. शेतावरून आलेली बाई पाठ दाखवते. तपासणीत काही सापडत नाही. आणि ‘घरी कसं चाललंय?’ एवढे विचारताच तिचे डोळे भरून येतात. आपल्याकडे मन बोलते ते पुष्कळदा शरीराच्या भाषेत. वीर्य जाते म्हणून अशक्तपणा आला, अशी समजूत करून घेऊन हैराण झालेले तरुण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. त्या अवस्थेची नोंद अमेरिकन वर्गीकरणाने ‘धात’ या आपल्याच शब्दाने केली आहे.

याच्या आकलनासाठी ‘एमकॅट’च्या अभ्यासक्रमातच एक चांगली वाट दाखवलेली आहे, मुले ती व्याख्या म्हणून पाठ करतात आणि पुढे जातात. जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ मध्ये असे मांडले, की आजार केवळ पेशींतील बिघाडाने समजत नाही. शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी तो पाहावा लागतो. माझ्या बंधूंचेच पाहा. डोपामिन हे एक अंग. निवेदकाच्या आवाजाची त्यांना वाटणारी भीती हे दुसरे. आणि तिसरे अंग म्हणजे घरात राहिलेली आई, न ओरडणारे वडील, गल्लीतला तो दुकानदार, ज्याने त्यांना वीस वर्षे रोज सकाळी दोन तास हिशेबाला बसू दिले. गोळ्यांनी आवाज आटोक्यात आले. त्या दोन तासांनी त्यांना माणसांत राखले. आज ते साठीत आहेत. घरातील दुधाचा, वर्तमानपत्राचा, गॅसचा हिशेब त्यांच्याकडे असतो आणि तो पैशाने चुकत नाही. कोणत्याही कार्डावर ही ओळ नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. ही नावे माणसांनी ठेवलेली आहेत आणि माणसे ती बदलतात. समलैंगिकता एके काळी या यादीत होती. १९७३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला नव्याने स्थान मिळाले. प्रौढांसाठी त्याची मुदत किमान एक वर्षाची. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घर दुखात असते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तेव्हा यादीचा आदर करावा, तिचा उपयोग करावा. पण तिला अंतिम सत्य मानू नये.

आपल्या घरासाठी

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या मुलांपैकी कोणी ‘एमकॅट’ देवो वा न देवो, मनोविकारांची नावे आज प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचली आहेत. नीटनेटक्या सुनेला ‘ओसीडी’, रागीट साहेबाला ‘बायपोलर’, पावसाळी दुपारी ‘डिप्रेशन आलंय’, असे आपण सहज बोलून जातो. आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसे, हा गैरसमज तर सिनेमांनी घट्ट केला आहे. तो वेगळाच आणि दुर्मिळ विकार आहे. स्किझोफ्रेनियात माणूस एकच असतो. त्याचे विचार, भावना आणि वास्तव यांची सांगड सुटते. अशा थट्टेने कोणी आजारी पडत नाही, हे खरे. पण ज्याला खरोखर तो आजार आहे, तो त्याच पंगतीत बसलेला असतो आणि आपले नाव सांगण्याचे त्याचे धैर्य त्या हसण्यात विरून जाते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचलेले नव्हते. म्हणजे आपल्या ओळखीच्या दहा माणसांत एक. त्याला नाव ठाऊक नसते किंवा नाव घेण्याची लाज वाटते.

म्हणून काही साध्या गोष्टी. दोन आठवड्यांहून अधिक काळ माणूस उदास आहे, त्याची झोप, भूक, काम बिघडले आहे, तर ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून सोडून देऊ नका; आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. कानात आवाज येणे, विनाकारण तीव्र संशय, अनेक रात्री न झोपताही न थकणे, यांत दोन आठवडेही थांबू नका. मरणाची भाषा कोणी केली, तर त्याच दिवशी सोबत जा. त्याला एकटे ठेवू नका. मरणाविषयी विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात जातो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा त्याला मोकळे वाटते. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे, असा प्रश्न पडला, तर ‘टेली मानस’ ही सरकारी विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणे मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. पॉलिसी घेताना ते कलम विचारून घ्या. आणि चालू असलेली गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःहून थांबवू नका. आजार उलटण्याचे ते मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण आहे.

शेवटची विनंती मुलांच्या संदर्भात. आजोबांना मधुमेह होता, आत्याला दमा आहे, हे आपण मुलांना सहज सांगतो. त्यामुळे ती पुढे साखर तपासतात, धुरापासून दूर राहतात. मावशीला नैराश्य होते, काकांना उन्मादाचे झटके येत, हे मात्र दार लोटून बोलतो. या पंधरवड्यात एका संध्याकाळी घरातील सर्वांनी बसून वहीच्या एका पानावर आपल्या कुटुंबातील आजार लिहून काढा. रक्तदाब, साखर, हृदय, कर्करोग आणि त्याच ओळीत मनाचे आजारही. कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या औषधाने बरे वाटले, एवढे पुरे. ज्याच्याविषयी लिहायचे, तो हयात असेल, तर आधी त्याला विचारा. मुले सोळा-सतरा वर्षांची झाली की ते पान त्यांना वाचू द्या आणि वाचताना त्यांच्याजवळ बसा. कारण प्रश्न येतील आणि त्यांची उत्तरे द्यायला घरचे माणूस समोर असलेले बरे. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल, तेव्हा ते पान सोबत घेऊन या. आम्हा डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.